घागरींची रांग

"हात वर करा. दोन्ही."

चेअरमन साहेब म्हणाले आणि मी हात वर केले. कॉलनीचा माळी पाठीला पंप लावून उभा होता. गुलाबांवर औषध मारायचा पंप. त्यानं आधी माझ्या चपलांवर फवारलं, मग साडीवर, मग हातांवर. "आता मागं वळा," साहेब म्हणाले. मी वळले. पाठीवर गार पाणी बसलं. ब्लाउज चिकटला. वास नाकात गेला, डोळे चुरचुरले. माळी हळूच म्हणाला, "डोळं मिटा, अक्का."

माझ्याबरोबर शाळेतल्या एक बाई होत्या. कोरोनाच्या सर्वेक्षणाला एक आशा आणि एक शिक्षिका अशी जोडी लावलेली होती. आम्ही दोघी एकाच आरोग्य केंद्रातून निघालो होतो, एकाच उन्हातून चालत आलो होतो. रजिस्टर एक, पेन एक, ताप बघायचं यंत्र एक. सकाळपासून ते आळीपाळीनं दोघींच्या हातात होतं. बाईंच्या तळहातावर सॅनिटायझरचे दोन थेंब टाकले. "या मॅडम, सावलीत बसा." त्यांना खुर्ची. मला पंप.

मधे एवढंच घडलं होतं की साहेबांनी दोघींना विचारलं, "कुठं राहता?" बाईंनी त्यांच्या सोसायटीचं नाव सांगितलं. मी म्हणाले, "बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत." साहेबांनी माळ्याला हाक मारली.

कुणी जात काढली नाही. कुणी शिवी दिली नाही. आज कुणाला सांगितलं तर म्हणतील, अहो, दिवसच तसे होते, सगळेच घाबरले होते. घाबरले होते, खरं आहे. पण रोगाला पत्ता वाचता येत नव्हता आणि साहेबांना येत होता.

बाई खुर्चीत बसून रजिस्टरची पानं उलटत राहिल्या. परत येताना रस्त्यात म्हणाल्या, "मला काही बोलता आलं नाही हो." मी म्हणाले, "जाऊ द्या."

हात वर मी केले. वळले मी. वर जाऊ द्या म्हणाले तेही मीच. साहेबांचा राग मला नंतर आला. आधी आला तो माझाच, आणि तो अजून गेलेला नाही.

मी आशा आहे. आशा म्हणजे घरोघर जाऊन गरोदर बायकांची, लहान लेकरांची, आजाऱ्यांची नोंद ठेवणारी बाई. सरकारच्या लेखी नोकर नाही, स्वयंसेविका. पगार नाही, मानधन. तेही कधी येईल ते त्यालाच ठाऊक. नवरा कोरोनाच्या आधीच वारला. लेक दहावीला होती. मी रोज पन्नास उंबरे फिरणार आणि रात्री तिच्याशेजारी झोपणार, हे मला धडकी भरवणारं होतं. म्हणून तिला टेंभुर्णीला भावाकडं ठेवलं. खोलीत मी एकटी राहिले. एका माणसाचा स्वयंपाक मला कधी जमला नाही. भाकरी उरायची, सकाळी तीच खायची आणि निघायचं.

कॉलनीनं पंप मारला, ते सांगितलं. आता माझ्या गल्लीचंही सांगते, नाहीतर एका बाजूचंच सांगितल्यासारखं होईल.

माझ्या गल्लीनं दारं लावली. मी बोळात शिरले की एकेक कडी वाजायची. पोरांना आत ओढायचे. कारण साधं होतं. मी आले की मागून गाडी यायची. गाडी माणूस घेऊन जायची आणि त्या घरापुढं पत्रे ठोकले जायचे. आमच्याकडं निम्म्या बायका विड्या वळतात. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी बसून वळायच्या, दुसऱ्या दिवशी मोजून द्यायच्या. ज्या घरात रोग निघाला त्या घराला कारखाना पान देईना. पान बंद म्हणजे चूल बंद. मग कोण सांगणार, मला ताप आहे म्हणून? एक बाई दाराच्या फटीतून मला म्हणाली, "ताई, तू चांगली हायस, पर लांब ऱ्हा." तिच्या दोन्ही पोरांना लस मीच टोचून आणली होती. पुढच्या दाराला गेले.

त्या दिवसांत माझ्याशी बोलायची ती फक्त सुमन.

सुमनचं घर माझ्या समोर. मधे एक गटार आणि तीन फरश्या. तीही एकटीच. मुलगा पुण्यात कंपनीत कामाला, तिकडंच अडकलेला. संध्याकाळी ती तिच्या ओट्यावर मांडीत सूप घेऊन बसायची, मी माझ्या. तिला माझ्याकडून रोग लागू नये म्हणून मी जवळ जायचे नाही, आणि बोळातून ओरडून बोललं तर सगळी गल्ली ऐकणार. म्हणून ती मला फोन लावायची. आठ हातांवर बसून आम्ही एकमेकींशी फोनवर बोलायचो. ती फोन स्पीकरवर टाकून पायाशी ठेवायची आणि हातानं विड्या वळायची. मधेच मान वर करून माझ्याकडं बघून हसायची, आणि हसू आधी दिसायचं, आवाज मागून यायचा.

"जेवलीस का?" ती विचारायची.

"जेवले."

"खोटं बोलू नगंस. चूल पेटल्याली दिसली न्हाय मला."

दिवसभरात मला माणूस म्हणून विचारणारा तेवढा एक फोन. त्याची मी दुपारपासून वाट बघायचे.

आता घागरींचं सांगते.

सोलापुरात पाणी रोज येत नाही, हे सांगायला नको. आमच्या बोळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटे यायचं, तास-दीड तास. बोळाच्या तोंडाशी एक नळ. आदल्या संध्याकाळीच प्रत्येक घर आपली एक घागर रांगेत लावून नंबर धरतं. प्लास्टिकच्या घागरी. ओळखू यावी म्हणून कुणी गळ्याला चिंधी बांधलेली, कुणी रंगानं फुली मारलेली. लॉकडाऊनमध्ये बायकांना गर्दी करायची मनाई होती, तेव्हा नळावर दोघी आणि बाकी नुसत्या घागरी उभ्या असायच्या. सत्तावीस घरं, सत्तावीस घागरी.

दारं बंद होती, पण तहान कुणाला लपवता येत नाही. म्हणून मी दारं वाजवायचं सोडलं आणि घागरी मोजायला लागले. ज्या घराची घागर रांगेत नाही, त्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. पहिल्या लाटेत असे तीन जण मी शोधले. तिघंही वेळेवर दवाखान्यात गेले, तिघंही चालत परत आले. आरोग्य केंद्रातल्या आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मला फार बरं वाटलं होतं. आपण हुशार आहोत असं वाटलं होतं. बायका माझ्यापेक्षा हुशार आहेत, हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसरी लाट आली आणि कॉलनीला माझी आठवण झाली.

कॉलनीतल्या लोकांची मुलं परदेशात. त्यांनी पैसे पाठवले आणि ऑक्सिजनचं मशीन घेतलं. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं, चाकं लावलेलं, वजनाला भरलेल्या घागरीएवढं. ते गेटजवळच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. मशीन आलं, पण आजाऱ्याच्या खोलीत ते घेऊन कोण जाणार? घरचेच खोलीबाहेर ताट ठेवून पळत होते. तेव्हा साहेबांचा फोन आला. "ताई, तुमच्याशिवाय आहे कोण आम्हाला?"

ताई. पंपाच्या दिवशी मी नुसती 'ती आशा' होते.

मी गेले. खोटं सांगत नाही, आनंदानं गेले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागं, तशी माझी गत. ते मशीन मी शिकून घेतलं. बाटलीत गाळलेलं पाणी किती भरायचं, चालू केल्यावर किती वेळ थांबायचं, काटा कितीवर ठेवायचा, ते डॉक्टर मॅडमना फोन करून विचारायचं. नाकातली नळी दर पेशंटला नवीन घालायची आणि जुनी फेकायची. हे घर झालं की मशीन पुसायचं, ओढत हॉलमध्ये आणायचं, दुसऱ्या घरी न्यायचं. हॉलची एक किल्ली माझ्याकडेच दिली होती, कारण मशीनला हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मला त्यांच्या ग्रुपवरही घेतलं. सकाळी फुलं यायची, मग काढ्याच्या कृती, मग माझ्यासाठी फोटो: हात जोडलेले, खाली 'देवदूत'. तो फोटो मी लेकीला पाठवला होता.

चार नंबरच्या बंगल्यातल्या काकू फार आजारी होत्या. चार दिवस मी दुपारची त्यांच्याजवळ बसले. तापात त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. "जाऊ नकोस गं," म्हणायच्या. मला माझी आई आठवली. मी बसून राहिले.

माझी गल्ली? गल्लीसाठी मी पहाटे नळावर जायचे. घागरी मोजायचे. सत्तावीस भरल्या की सुटकेचा श्वास टाकायचे आणि कॉलनीकडं निघायचे.

त्या आठवड्यात सुमन ओट्यावर दिसेना. फोन केला तर म्हणाली, "ऊन लई हाय. आत बसतीय." आवाज बसलेला. मी म्हणाले, घसा? "तंबाकूचा खकाणा," ती म्हणाली. विड्या वळणाऱ्या बाईचा घसा नेहमीच तसा असतो. आणि तिची हिरवी घागर, गळ्याला लाल नाडी बांधलेली, दोन्ही वेळा रांगेत होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती.

मग मी बोलायला लागायचे. कॉलनीतलं सगळं. आज कुणाचा ऑक्सिजन वर आला, साहेब काय म्हणाले, काकूंनी हात कसा धरला. मी एकटीच बोलत असायचे. ती मधून मधून "हं" म्हणायची. मला वाटायचं, ऐकतेय. तिला बोलायला दम नव्हता.

नऊ दिवस असे गेले. दुपारी एकच्या सुमाराला मी कॉलनीतून परत येऊन पाय धूत होते. नर्मदाकाकू दारात आली. सुमनच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, सत्तरीची बाई, तीही विड्या वळणारी. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या दारात येऊन उभं राहिलं होतं.

"सुमीला दम लागलाय," ती म्हणाली. "लई."

"कधीपासून?"

काकू रडायला लागली. "तिची घागर मीच लावत हुते गं. मीच भरत हुते. तुजी लई बारीक नजर घागरीवर, म्हून. तिला पेज दिली, गोळ्या दिल्या. वाटलं, उतरंल."

मी धावत गेले. सुमन भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की श्वास लागत होता. ओठ काळपटले होते. बोटाला ऑक्सिजन बघायचं यंत्र लावलं. चौऱ्याऐंशी.

"मला का सांगितलं न्हाईस?" मी ओरडले तिच्यावर. आजारी माणसावर ओरडले.

ती थांबत थांबत म्हणाली, "तुला… लिवावं लागलं असतं की. आन् न लिवावं तर… तुजी नोकरी."

म्हणजे तिनं पान वाचवलं आणि मलाही वाचवलं. आणि मी समोर आठ हातांवर बसून तिला कॉलनीच्या गोष्टी सांगितल्या.

ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी नाही, तीन-चार तास लागतील, बेडचंही सांगता येत नाही. तेव्हा मला मशीन आठवलं. काल संध्याकाळी मीच ते पुसून हॉलमध्ये ठेवलं होतं. कॉलनीत त्या दिवशी ते कुणालाही लागत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या रफिकभाईची रिक्षा भाजीच्या पासवर चालू होती. मी आत बसले. तो मागं न बघता म्हणाला, "फिकर नको करो आपा, दस मिनट."

किल्ली माझ्या पर्समध्ये होती. हॉल गेटच्या आत दहा पावलांवर. मी उतरून सरळ मशीन घेऊन येऊ शकले असते. पण मी रिक्षातून साहेबांना फोन केला. विचारायला. माझं तिथं काही आहे, असं मला वाटत होतं.

मी गेटात थांबले. साहेब हॉलच्या पायरीवरच होते. आणखी तीन-चार जण लांब लांब खुर्च्या टाकून बसलेले.

"साहेब, मशीन तीन तास पायजे. माझ्या गल्लीतली बाई हाय. चौऱ्याऐंशी आलंय. ॲम्ब्युलन्स येईस्तवर."

"तुमच्या गल्लीत?"

"व्हय."

ते शेजारच्याकडं बघत म्हणाले, "ताई, जरा समजून घ्या. देणगीतून घेतलेली वस्तू आहे. कॉलनीसाठी. उद्या आमच्या कुणाला लागलं तर?"

"आज कुणाला लागत न्हाय. कालच आणून ठेवलंय की मी."

"आणि तिकडं जाऊन आल्यावर ते परत आमच्या माणसांच्या नाकाला कसं लावायचं?"

"नळी दर वेळी नवीनच घालते. तुमीच खोका आणून दिलाय."

"नळीचा प्रश्न नाही हो."

"मग कशाचा हाय?"

मी मान वर केली. चार नंबरच्या काकू, आता बऱ्या झालेल्या, खिडकीत उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पडदा ओढला.

साहेबांनी खिशातून कापडाची छोटी पुरचुंडी काढली. कापूर आणि ओवा. ती कठड्यावर ठेवून तीन पावलं मागं सरकले. "ही न्या. वास द्या त्यांना. आराम पडतो." ते वाईट मनानं म्हणाले नाहीत, हे मला आजही ठाऊक आहे. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला काहीतरी देत आहेत. आमच्यासाठी एवढं पुरे, असं त्यांच्या मनात इतकं पक्कं बसलेलं होतं की त्यात त्यांना वाईट काही दिसतच नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो. मी ऐकलेली म्हण होती, त्या दिवशी समोर बसलेली बघितली.

मी पुरचुंडीला हात लावला नाही. पर्समधून किल्ली काढली आणि हॉलकडं चालायला लागले.

"अहो, हे काय? थांबा! ए, थांबवा तिला!"

ताईची परत 'ती' झाली. मी कुलूप उघडलं. मशीनची वायर गुंडाळून गळ्यात अडकवली, नव्या नळीचं पाकीट ब्लाउजमध्ये खोचलं, दांडा धरला आणि ओढायला लागले. वॉचमन दोन पावलं पुढं आला आणि थबकला. खुर्च्यांवरचे उठले होते. एक जण ओरडत होता. पण कुणी जवळ येईना. रोगाच्या घरातून आलेली बाई, वस्तीतली बाई. मला अडवायचं तर मला धरावं लागणार होतं. धरायचं तर शिवावं लागणार होतं. मी एक पाऊल पुढं टाकलं की ते एक पाऊल मागं जात होते. सगळे मिळून मला रस्ता करून देत होते.

मी काही शूर नाही. फरशीवर मशीनची चाकं खडखडत होती आणि ते कलंडू नये म्हणून मी हळू चालत होते. पण जन्मभर ज्या अंतरावर मला उभं केलं, त्याच अंतरातून मी मशीन घेऊन गेटबाहेर आले. मागून साहेब म्हणाले, "पोलिसात देईन."

"द्या की," मी म्हणाले. रफिकभाईनं एका बाजूनं उचललं, मी दुसऱ्या.

सुमनच्या घरात प्लग सैल होता. नर्मदाकाकू तीन तास तो हातानं दाबून बसली. नळी लावली, काटा ठेवला, आकडा हळूहळू वर आला. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. सुमनच्या तोंडावर जरा रंग आला. मी तिच्या पाठीला हात लावून बसले होते. वर्षभरात मी तिला पहिल्यांदा शिवत होते. ती म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हणाले, गप.

ॲम्ब्युलन्स पाच वाजता आली. सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. सुमन तिथं आठ दिवस होती आणि आठव्या दिवशी गेली. शेवटचं तोंड मुलानं लांबून बघितलं. मला तेवढंही नाही, मी कोण तिची? डॉक्टर मॅडमना मी विचारलं, मशीन अर्धा तास आधी लागलं असतं तर? त्या म्हणाल्या, "अर्ध्या तासानं नाही. आठ दिवस आधी कळायला हवं होतं." त्या खोटं बोलून धीर देणाऱ्यातल्या नाहीत. मी त्यांचे आभार मानले आणि घरी येऊन दार लावून रडले. सुमन माझ्या समोर झिजत होती, आणि मला नुसती तिची घागर दिसत होती.

मशीन मी दुसऱ्याच दिवशी स्वच्छ पुसून परत न्यायला गेले होते. गेट उघडलं नाही. वॉचमन आतूनच म्हणाला, "साहेब म्हणालेत, हितं आणू नका." मी ते परत आणलं आणि बुद्धविहाराच्या खोलीत ठेवलं. ग्रुपवरून मला त्याच संध्याकाळी काढलेलं होतं. पुढच्या आठवड्यात आरोग्य केंद्रात तक्रार आली: आशा सेविकेनं कॉलनीची मालमत्ता बळजबरीनं नेली आणि परत केली नाही.

तोवर गल्लीत मला एक काम उरकायचं होतं. पाण्याच्या दिवशी मी नळावर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझ्यावर चिडा, दार लावा, काय वाट्टेल ते करा. पर दुसऱ्याची घागर लावू नगा."

नर्मदाकाकू म्हणाली, "आन् पान कोण देणार? तू?"

खरं होतं. इतके दिवस मी त्यांना आजार सांगा म्हणत होते आणि सांगितल्यावर चूल कशी पेटायची, याचा विचार मी केलेला नव्हता. मी रजिस्टरच्या बाजूनं उभी होते. मला माझीच लाज वाटली. मी म्हणाले, "आजारी बाईची पानं आपण वळायची. वाटून. तिच्याच कारखान्याच्या कार्डावर द्यायची. कारखान्याला विड्या पाहिजेत, आन् ती विडी तिच्या घरातली न्हाईच." एकीनं विचारलं, "तू वळणार व्हय?" मी म्हणाले, मी पण. माझी आई विड्या वळायची. लग्नानंतर मी सूप हातात धरलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्या विड्या बघून बायका हसल्या. निम्म्या सुटल्या होत्या. पण त्यानंतर आमच्या बोळात ताप कुणी लपवला नाही. नळावरच सांगायच्या: आज मला बरं न्हाय, माझी पानं घ्या. मशीन त्या खोलीतून सहा घरी गेलं आणि प्रत्येक वेळी मीच ओढलं.

रांगेत सुमनची जागा तीन पाण्याला मोकळी होती. चौथ्या पाण्याला तिथं दुसरी घागर आली. संध्याकाळी मी अजून ओट्यावर बसते. समोर कुलूप. गल्ली आता माझ्याशी बोलते, दार उघडते, भाजी देते. तरी मला एकटं वाटतं. चूल पेटली की नाही हे बघणारं कुणी नाही. तिचा नंबर मी फोनमधून काढलेला नाही.

मग आरोग्य केंद्रातून बोलावणं आलं. डॉक्टर मॅडमच्या टेबलावर ती तक्रार होती आणि शेजारी एक कोरा कागद. मॅडम थकलेल्या होत्या. "दोन ओळी लिहून द्या. चूक झाली, परत होणार नाही. मी मिटवून टाकते. नाहीतर तुमचं काम जाईल." त्या माझ्या भल्याचंच सांगत होत्या. लेकीचं अकरावीचं ॲडमिशन तोंडावर होतं. मानधन थोडं असलं तरी आमचं घर त्यावरच चालतं.

मी पेन हातात घेतलं. चूक झालीच होती. मी नऊ दिवस सुमनकडं बघितलं नाही, ती चूक. किल्ली जवळ असून मी गेटात उभी राहून विनवण्या करत बसले, ती चूक. पण त्या तक्रारीत या दोन्हींबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि ज्याबद्दल होतं, तेवढंच एक काम त्या वर्षात मी बरोबर केलं होतं.

मी लिहिलं:

"मशीन मी नेलं. परत द्यायला गेले, त्यांनी घेतलं नाही. ते विहारात आहे आणि चालू आहे. नेण्याआधी मी विचारलं होतं, त्याबद्दल मला वाईट वाटतं. पुन्हा माणूस मरायला टेकलेलं असेल तर पुन्हा नेईन. तेव्हा विचारणार नाही."

मॅडमनी वाचलं. "हे असंच देऊ?" त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "असंच द्या." आणि सही केली.